तटस्थतेला काम हवे : कोटणीस, थोरात आणि आपण

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या धाकट्या भावाचा टॉवेलचा कारखाना आहे. मी शहरातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षे राज्यशास्त्र शिकवले. निवृत्त झाल्यापासून दुपारनंतर कारखान्याच्या ऑफिसात जाऊन बसतो. बिले तपासतो, परदेशी गिऱ्हाइकांची पत्रे वाचून देतो. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. माग बंद होते. नेमक्या त्याच दिवसापासून भारतीय मालावर अमेरिकेने लावलेले जादा आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेले. त्यातले निम्मे ७ ऑगस्टपासूनच लागू होते. उरलेले निम्मे, भारत रशियाकडून तेल घेतो या कारणासाठी, दंड म्हणून वर बसले.

दीड दिवसाचा गणपती बोळवून कामगार परत आले. सकाळपाळीचा एक जुना विणकर आहे. घरी तेलुगू बोलतो, माझ्याशी मराठी. चहा घेता घेता त्याने विचारले, "सर, त्या रशिया-युक्रेनच्या भांडणात आपण नेमकं कुणाच्या बाजूनं?"

"कुणाच्याच नाही. भारत तटस्थ आहे."

"मग दंड आपल्याला कसा काय?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परराष्ट्र धोरणाच्या पेपरात 'अलिप्ततावाद' हा हमखास येणारा मोठा प्रश्न होता. बांडुंग, बेलग्रेड, पंचशील अशी मुद्द्यांची यादी मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. त्या विणकराला देण्याजोगे उत्तर त्या यादीत नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे. त्यासाठी मी दूरचे दाखले घेण्याऐवजी दोन मराठी माणसांच्या आयुष्याचा आधार घेतला आहे : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि कोल्हापूर भागातले जनरल शं. पां. पा. थोरात. एकाने परक्या युद्धात बाजू घेतली, दुसऱ्याने परक्या युद्धात तटस्थता सांभाळली. या दोघांकडे पाहिल्यावर आजच्या आपल्या तटस्थतेत काय उणे आहे, ते मला दिसू लागले.

शब्द आणि त्याचा अर्थ

तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. नदीला पूर आला आहे, कोणी वाहून चालले आहे आणि हा काठावर आहे, एवढेच हा शब्द सांगतो. काठावरच्या माणसाने दोर टाकायचा, हाका मारायच्या, की नुसते पाहत राहायचे, हे त्यात सांगितलेले नाही. 'अलिप्त' हा शब्द वेगळा आहे. पाण्यात असूनही पाणी अंगाला लागू न देणाऱ्या कमळाच्या पानाची आठवण त्यामागे आहे. एका शब्दात जागा सांगितली आहे, दुसऱ्यात वृत्ती. आपण दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते.

आंतरराष्ट्रीय कायद्यातली तटस्थता आणखी निराळी. १९०७ च्या हेग करारांनी तटस्थ राष्ट्राची कर्तव्ये ठरवून दिली. आपल्या भूमीवरून कोणाचे सैन्य जाऊ द्यायचे नाही. शस्त्रांच्या व्यापारावर बंधन घातले तर ते दोन्ही पक्षांवर सारखेच घालायचे. स्वित्झर्लंडची तटस्थता युरोपातल्या सत्तांनी १८१५ मध्ये मान्य केली, ती याच जातीची. भारताने ही कायदेशीर तटस्थता कधी पत्करली नाही. ऑक्टोबर १९४९ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर बोलताना पंडित नेहरूंनी स्पष्टच सांगितले होते की, जिथे स्वातंत्र्य धोक्यात येईल किंवा न्यायावर घाला पडेल तिथे भारत तटस्थ राहू शकणार नाही. म्हणजे मूळ धोरण 'मत नाही' असे नव्हते. 'आमचे मत आम्ही ठरवू, तुमच्या गटात बसून ठरवणार नाही' असे होते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तो मोजपट्टी पुरवतो. जो स्वतःचे मत स्वतः ठरवतो असे म्हणतो, त्याने ते मत कधीतरी सांगितले पाहिजे, त्यासाठी काही केले पाहिजे आणि त्याची किंमत कोण मोजणार आहे हेही सांगितले पाहिजे. पुढची सगळी चर्चा मी याच तीन अपेक्षांच्या आधारे करणार आहे.

सोलापूरचा डॉक्टर

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. आपल्यावर अन्याय होतो आणि बाहेरचे जग काठावरून पाहत राहते, हा अनुभव या गावाने स्वतः घेतला होता.

१९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केले. चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू द यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, चीनसाठी निधी जमवला गेला आणि पाच डॉक्टरांचे पथक निघाले : प्रमुख डॉ. अटल, जे स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आले होते, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या वेळी हिंदुस्थानचे अधिकृत परराष्ट्र धोरण लंडनमध्ये ठरत होते आणि ब्रिटन जपानशी युद्धात नव्हते. पुढे १९४० मध्ये तर जपानच्या दबावाखाली ब्रिटनने चीनला रसद पोहोचवणारा ब्रह्मदेशचा रस्ता तीन महिने बंद ठेवला. राज्यकर्ता काठावर उभा होता. गुलाम देशाने मात्र बाजू घेतली. ही बाजू बंदुकीने घेतलेली नव्हती. पाच डॉक्टर, औषधे, एक रुग्णवाहिका एवढाच तिचा ऐवज. आपण कुठे उभे आहोत आणि काय करणार आहोत, हे दोन्ही त्यात होते. लोकांकडे पैसे मागितले गेले होते, म्हणजे किंमतही आधीच सांगितली गेली होती.

बाकीचे डॉक्टर यथावकाश परतले. कोटणीस राहिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये वारले; त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांच्याकडे आले. ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनह्वा. यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. त्याच वर्षी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि ९ डिसेंबरला, अपस्माराच्या झटक्यांनी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले.

आता चित्रपटाकडे येतो. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' १९४६ मध्ये आला. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेली, संगीत वसंत देसाई यांचे. कोटणीस स्वतः शांताराम आणि नायिका जयश्री. हा चित्रपट चांगला आहे. शेवटी मरणाच्या दारात असलेला नायक पत्नीला आपल्या घरची वाट सांगतो, तो भाग आजही पाहणाऱ्याला हलवतो. परंतु राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी तो पाहतो तेव्हा काय गाळले आहे तिकडे लक्ष जाते. चित्रपटात नायकाचा सर्वांत मोठा लढा आहे तो प्लेगशी. तो स्वतःला रोग लावून घेतो, उपाय शोधतो. जपानी सैनिक आहेत, पण ते संकट म्हणून येतात आणि जातात. पक्ष, विचारसरणी, कोणाच्या सैन्यात आपण काम करतो आहोत आणि का, या प्रश्नांना फारशी जागा नाही.

त्याची कारणे त्या काळात आहेत. युद्धकाळात कच्ची फिल्मसुद्धा सरकारी परवान्यावर मिळत होती, सेन्सॉर परक्यांचा होता. डिसेंबर १९४१ नंतर चीन ब्रिटनचा दोस्त झाला होता, त्यामुळे १९३८ मध्ये सरकारी धोरणाच्या पलीकडे जाणारी कथा आता धोरणात बसणारी झाली होती. शांताराम-अब्बास यांनी त्या चौकटीतून देशप्रेमाची गोष्ट बाहेर काढली, हे त्यांचे श्रेय. मात्र त्याची एक फळी आपल्या मनात कायमची बसली. कोटणीस म्हणजे 'सेवा' असे समीकरण झाले आणि 'निर्णय' त्यातून गळला. सेवेला कोणाची हरकत नसते, म्हणून तिच्यावर कोणी वादही घालत नाही. कोटणीस यांनी केले ते मात्र वादाला जागा असलेले काम होते. त्यांना पथकात पाठवणारे सुभाषबाबू पुढे १९४३ मध्ये देशाच्या स्वातंत्र्यासाठी त्याच जपानची मदत घेण्यासाठी टोकियोला गेले. सोलापुरातल्या कित्येक घरांत आणि शाळांत दोघांच्या तसबिरी शेजारी शेजारी आहेत. दोघांनीही बाजू घेतली, दोन वेगळ्या बाजू घेतल्या आणि दोघांनीही त्याची किंमत स्वतः मोजली. त्या दोन तसबिरींपुढे उभे राहून 'बाजू घेणे सोपे असते' असे कोणी म्हणू शकणार नाही.

हिंद नगरचे थोरात

स्वतंत्र भारताच्या तटस्थतेचे सर्वांत अवघड काम कोरियात झाले. युद्धाच्या काळात भारताने लढाऊ पलटण न पाठवता लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पाठवली. बारा वर्षांपूर्वीच्या त्या पाच डॉक्टरांची ही सरकारी आवृत्तीच म्हणता येईल, फरक एवढाच की या वेळी देश स्वतःच्या नावाने गेला होता.

१९५३ मध्ये युद्धविराम झाला तो कैद्यांच्या प्रश्नावर अडून अडून. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे असलेल्या बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांना मायदेशी परतायचे नव्हते. उलट बाजूकडे असे ३५९ जण होते, त्यांत २३ अमेरिकी आणि एक ब्रिटिश. या सगळ्यांना आपला निर्णय दडपणाशिवाय घेता यावा म्हणून पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला : स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्षस्थानी भारताचे जनरल थिमय्या. प्रत्यक्ष कैदी सांभाळण्याचे काम भारतीय दलाकडे आले. त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतावर इतका राग की, भारतीय सैनिकाचा पाय आपल्या मातीला लागू देणार नाही अशी त्यांची भूमिका होती. म्हणून जवानांना बंदरातून हेलिकॉप्टरने उचलून सैन्यविरहित पट्ट्यात उतरवावे लागले. छावणीला 'हिंद नगर' नाव पडले. कैदी शांत नव्हते. दोन्ही बाजूंचे हस्तक त्यांच्यात होते. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत धरून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि बोलून त्याला सोडवून आणले. काही प्रसंगी पहारेकऱ्यांना गोळी झाडावी लागली आणि कैदी दगावले. उत्तरेकडचे म्हणत भारत ढिला आहे, दक्षिणेकडचे म्हणत भारत कम्युनिस्टांचा आहे. शेवटी बहुतेक कैदी तैवानला आणि दक्षिण कोरियाला गेले, थोडे परत फिरले आणि ८८ जण, कोणत्याच बाजूला नको म्हणून, भारतात आले.

तटस्थतेबद्दल या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, खरी तटस्थता दोघांनाही खूश करत नाही. दोघेही खूश असतील तर तटस्थ माणूस बहुधा काही करतच नसावा. दुसरी ही की, काठावर उभे राहणे हे पूर्णवेळ काम आहे. पाच हजारांहून अधिक भारतीय जवान काही महिने कोरियाच्या थंडीत त्या कामावर होते. थोरात यांना त्याबद्दल अशोक चक्र, वर्ग दोन (आजचे कीर्ती चक्र) मिळाले. बाजू न घेता शौर्यपदक मिळवण्याचे उदाहरण आपल्या इतिहासात आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी कधी सांगितले नाही, याची आता खंत वाटते.

दुसऱ्यांची तटस्थता

या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १९५६ च्या शरदात दोन संकटे एकाच वेळी आली. इजिप्तवर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी हल्ला केला. भारताने ताबडतोब आणि खणखणीत निषेध केला. हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले. तिथे भारताचा आवाज बसला. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका घ्याव्यात अशी मागणी असलेल्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. काश्मीरमधल्या सार्वमताच्या मागणीला त्यातून दाखला मिळेल ही भीती त्यामागे होती, असे अभ्यासक सांगतात. कारण समजण्यासारखे होते, परंतु ते उघड सांगितले गेले नाही. जयप्रकाश नारायण यांच्यासारख्यांनी सरकारला धारेवर धरले. मराठी माणूस मात्र त्या आठवड्यात वेगळ्याच चिंतेत होता. १ नोव्हेंबरला द्वैभाषिक राज्य त्याच्या माथी आले होते.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य राष्ट्रांनी भारताला दोषी ठरवण्याचा ठराव आणला, तेव्हा सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. म्हणजे हंगेरीवरच्या संकोचाची वसुली झाली असे म्हणणारा म्हणू शकेल. गोव्याच्या सत्याग्रहात डोकी फुटलेल्या आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना हे गणित चुकीचे वाटले नसते. मलाही ते पूर्ण चुकीचे वाटत नाही. राष्ट्रांना मित्र लागतात.

पण वर्षभरातच हिशेब उलटा फिरला. १९५४ मध्ये ज्या चीनबरोबर पंचशीलाचा करार केला, त्याने १९६२ च्या ऑक्टोबरात हल्ला केला. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींकडे विमानांची मदत मागितली. २१ तारखेला चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. त्यानंतर अठरा दिवसांनी, ९ डिसेंबर १९६२ ला, कोटणीस यांच्या मृत्यूला वीस वर्षे पूर्ण झाली. आणि लगेच दुसऱ्या दिवशी कोलंबोत सहा अलिप्त राष्ट्रांची बैठक भरली : सिलोन, ब्रह्मदेश, कंबोडिया, इंडोनेशिया, घाना आणि इजिप्त. भारतावर हल्ला झाला आहे असे त्यांनी म्हटले नाही. दोन्ही पक्षांनी कोठे थांबावे याचे प्रस्ताव त्यांनी तयार केले. भारताला ते झोंबले. आपल्या पुरात वाहताना दुसरा काठावर उभा असला की कसे वाटते, हे आपल्याला तेव्हा कळले.

तरीही न्यायाने बोलायचे तर त्या सहा राष्ट्रांनी काठावर उभे राहून काम केले. प्रस्ताव आणला, दोन्ही राजधान्यांकडे नेला, भारताने तो मान्यही केला. 'त्यांनी बाजू घेतली नाही' हे आपल्याला लागले. 'त्यांनी काही केले नाही' असे म्हणता येणार नाही.

आजचे मौन

या पार्श्वभूमीवर गेल्या चार वर्षांकडे पाहू. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. ३५ राष्ट्रांनी मत नोंदवले नाही, त्यांत भारत होता. मराठी वर्तमानपत्रांनी मथळा दिला की भारत तटस्थ राहिला. मत न नोंदवणे आणि तटस्थ असणे यांना आपण एकच शब्द वापरतो, याकडे वाचकांचे लक्ष वेधतो.

गाझाच्या बाबतीत गोंधळ अधिक दिसतो. २७ ऑक्टोबर २०२३ च्या ठरावावर भारत तटस्थ. १२ डिसेंबर २०२३ ला युद्धविरामाच्या बाजूने १५३ राष्ट्रांनी मत दिले, त्यांत भारत होता. १२ जून २०२५ ला पुन्हा युद्धविरामाची मागणी आली. १४९ राष्ट्रे बाजूने, भारत तटस्थ. प्रत्येक ठरावाची भाषा थोडी निराळी होती आणि प्रत्येक वेळी आपल्या प्रतिनिधीने काही खुलासा केला, हे खरे आहे. परंतु दीड वर्षात मारल्या गेलेल्या माणसांची संख्या वाढत असताना आपले मत मागे का आले, हे त्या खुलाशांवरून सामान्य वाचकाला उमगत नाही.

सरकारच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे तेही सांगितले पाहिजे. आपली बरीच शस्त्रे रशियन बनावटीची आहेत. जून २०२० च्या गलवान संघर्षानंतर रशियाला पूर्णपणे चीनच्या कुशीत ढकलणे आपल्याला परवडणारे नाही. दोन्ही बाजूंशी बोलता येत होते म्हणूनच 'ऑपरेशन गंगा'त सुमारे साडेबावीस हजार भारतीय, त्यांत वैद्यकीय शिक्षण घेणारी महाराष्ट्राची मुलेही, युक्रेनमधून बाहेर आली. सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला पंतप्रधानांनी रशियाच्या अध्यक्षांना, हा काळ युद्धाचा नाही, असे तोंडावर सांगितले. लेबनॉनच्या सीमेवर संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणात भारतीय जवान आहेत. हे सगळे काठावरचे काम आहे आणि त्याचे मोल मी कमी करत नाही. रशियाचे तेल चीन आपल्याहून अधिक घेतो, युरोप कित्येक दिवस रशियन वायूवर चुली पेटवत होता, आणि दंड मात्र आपल्याला झाला, हा दुटप्पीपणाही उघड आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. कोरियात आयोगाचे अध्यक्षपद आपल्याकडे चालून आले, कारण आपण काय मानतो हे जगाला माहीत होते आणि ते आवडत नसतानाही जग ते मोजत होते. आज 'सामरिक स्वायत्तता' असा शब्द आहे. स्वायत्तता कशासाठी, हे पुढचे वाक्य मात्र क्वचितच ऐकू येते. युक्रेनच्या युद्धात मध्यस्थीच्या बैठका इस्तंबूल आणि रियाधला झाल्या. गाझासाठी कतार आणि इजिप्त धावपळ करत राहिले. ज्या देशाने बावीस हजार कैद्यांच्या मनाचा कौल घेण्याचे काम अंगावर घेतले, त्याला दोन्ही बाजूंशी मैत्री असूनही कोणी बोलावत नाही, किंवा तो स्वतः जात नाही. दोन्ही शक्यता चिंतेच्या आहेत.

हिशेब

आता त्या विणकराच्या प्रश्नाकडे परत येतो. दंड आपल्याला का?

धोरणाचा फायदा आणि तोटा वेगवेगळ्या घरी जातात, हे त्याचे साधे उत्तर आहे. २०२२ पूर्वी आपल्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा नगण्य होता. पुढे तो सुमारे एक तृतीयांशावर गेला. ते तेल सवलतीत मिळाले. सरकारचे म्हणणे असे की, जगात भाव भडकले असताना इथे ते स्थिर राहिले हाच लोकांचा फायदा. त्यात तथ्य आहे. परंतु २०२२ च्या करकपातीनंतर मार्च २०२४ मधली दोन रुपयांची कपात सोडली, तर सोलापूरच्या पंपावरचा आकडा फारसा हलला नाही. सवलत शुद्धीकरण कारखान्यांच्या ताळेबंदात कुठेतरी राहिली. दंड मात्र टॉवेलवर बसला, कोळंबीवर बसला, हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या कारागिरावर बसला.

तो तिथेही थांबला नाही. वस्त्रोद्योगाला दिलासा म्हणून सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. माझ्या भावाला सूत स्वस्त मिळेल या आशेने बरे वाटले. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला मात्र, ऐन वेचणीच्या तोंडावर, परदेशी कापसाशी सामना करावा लागणार होता. रशियाच्या तेलाचा दंड आधी मागावर आला आणि मागावरून शेतात उतरला. यवतमाळच्या शेतकऱ्याने युक्रेनबद्दल कधी मत दिले होते, असे कोणी विचारले तर काय सांगायचे?

यावर कोणी म्हणेल, मग काय अमेरिकेपुढे वाकायचे होते? नाही. धमकीपुढे तेल बदलणे म्हणजे नेहरूंनी नाकारलेल्या गटात मागल्या दाराने शिरणे. मी स्वतः शुल्क मोजायला तयार आहे, माझा भाऊही कुरकुरत का होईना तयार होईल. फक्त आपण कशासाठी मोजतो आहोत ते कोणी सांगावे, एवढीच अपेक्षा. १९३८ मध्ये लोकांनी चीनसाठी आणे-रुपये दिले तेव्हा त्यांना कारण माहीत होते. २०२५ मध्ये आम्हाला कारण परदेशी आदेशातून कळले आणि भरपाईची बातमी राजपत्रातून. संसदेत या किमतीवर आधी चर्चा झाली असती, कोणत्या उद्योगाला किती फटका बसेल आणि त्याचा भार कोण उचलेल हे ठरले असते, तर हीच तटस्थता आम्हाला आपली वाटली असती.

हे लिहिताना मला स्वतःकडेही पाहावे लागले. त्या विणकराने प्रश्न विचारला तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात एका अमेरिकी गिऱ्हाइकाचे पत्र होते. पुढची सूचना मिळेपर्यंत माल पाठवू नका, असे. भावाने बजावले होते की, अनंत चतुर्दशीपर्यंत कामगारांना काही बोलू नका, सणात उगाच घोर नको. ते मला पटले नव्हते. पण कारखाना त्याचा, माणसे त्याची, मी मध्ये का पडू, असे म्हणून मी गप्प राहिलो. विसर्जनानंतरच्या आठवड्यात रात्रपाळी बंद झाली. ज्या दिवशी बंद झाली त्याच दिवशी कामगारांना कळले.

तो विणकर मला दुसऱ्या दिवशी भेटला. चिडला नव्हता. म्हणाला, "सर, तुम्हाला ठाऊक होतं नव्हं? आधी सांगितलं असतं तर पोरीच्या लग्नाची उचल घेतली नसती."

आता शनिवारी पगाराच्या वेळी परदेशची पत्रे मी मराठीत वाचून दाखवतो. भावाला आधी ते रुचले नाही, आता तोही खुर्ची ओढून बसतो. रात्रपाळी अजून सुरू झालेली नाही.